लॅपटॉप भलत्याच वाय-फायला आपोआप जोडला जातो? तो असा आवरा

लॅपटॉप उघडावा, कोपऱ्यात वाय-फायच्या दांड्या भरलेल्या दिसाव्यात आणि तरी एकही पान उघडू नये. नाव बघितलं तर जोडणी घरच्या राउटरला नसतेच. ती असते वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या नेटवर्कला, नाहीतर कधीतरी एकदा जोडलेल्या प्रिंटरला. हा त्रास थांबवायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, कुणाला घरी बोलवावंही लागत नाही. विंडोज, मॅक आणि उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) या तिन्हींत त्याची सोय आधीपासून आहे, फक्त ती समोर दिसत नाही.

बहुतेक जण करतात काय, तर नको असलेल्या नेटवर्कवर जाऊन ‘डिसकनेक्ट’ दाबतात. त्याने तेवढ्यापुरती जोडणी तुटते, पण त्या नेटवर्कची नोंद आणि पासवर्ड लॅपटॉपमध्ये तसेच राहतात. काम त्या नोंदीवर करायचं आहे.

लॅपटॉप हे नेटवर्क निवडतो कसं

साध्या, नेहमीच्या सेटिंगमध्ये संगणक पूर्ण अनोळखी नेटवर्कला स्वतःहून जोडला जात नाही. तो जातो ते एकदा तरी जोडलेल्या नेटवर्कला. ते तुम्ही जोडलेलं असेल, घरातल्या दुसऱ्या कुणी जोडलेलं असेल, किंवा दुरुस्तीला दिलेला असताना दुकानात कुणी जोडलेलं असेल. दर वेळी नवीन नेटवर्कला जोडलं की संगणक एक नोंद करून ठेवतो, तिला प्रोफाइल म्हणतात. त्यात नेटवर्कचं नाव, सुरक्षेचा प्रकार, पासवर्ड आणि आणखी एक महत्त्वाची गोष्ट असते: हे नेटवर्क रेंजमध्ये आलं की न विचारता जोडायचं की नाही. विंडोजमध्ये नवीन नेटवर्कवर टिचकी मारली की ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली’ ही चौकट अनेकदा आधीच टिक केलेली असते. घाईत आपण ती तशीच ठेवतो आणि पुढे दोन-चार वर्षांत अशा पंचवीस-तीस नोंदी साठतात.

दुसरी गोष्ट सुरक्षेच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे. संगणक नेटवर्क ओळखतो ते नावावरून आणि सुरक्षेच्या प्रकारावरून. समोरचं यंत्र नेमकं कुठलं, कुणाचं, हे तो तपासत नाही. पासवर्ड असलेल्या घरगुती नेटवर्कला निदान पासवर्ड जुळावा लागतो. बिनपासवर्डच्या उघड्या नेटवर्कला तेही नाही. रेल्वे स्थानकांवरचं रेलटेलचं, म्हणजे रेल्वेच्या दूरसंचार कंपनीचं, वाय-फाय घ्या. जानेवारी २०१६ मध्ये ते मुंबई सेंट्रलपासून सुरू झालं आणि पुढे देशभर पसरलं. त्याला जोडताना पासवर्ड लागत नाही, जोडल्यावर ब्राउझरमध्ये मोबाईल नंबर आणि ओटीपी विचारला जातो. तुमच्या लॅपटॉपमध्ये ही नोंद असेल, तर उद्या कुठल्याही हॉटेलात किंवा फलाटावर कुणीही त्याच नावाचं उघडं नेटवर्क सुरू केलं, की लॅपटॉप त्यालाही ‘हे आपलंच’ समजून जोडला जाईल. मग समोर येणारं लॉगिनचं पान खरं की खोटं, ते तुम्हाला ओळखावं लागेल. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: बिनपासवर्डचं एकही नेटवर्क आपोआप जोडण्याच्या यादीत ठेवू नका. मॉल, विमानतळ, हॉटेलची लॉबी, स्थानक, सगळी त्यात आली.

तिसरं कारण खास आपल्याकडचं आहे. लाइट जाते, परत येते. लॅपटॉप बॅटरीवर चालू असतो, तुमचा राउटर मात्र बंद पडतो आणि लाइट आल्यावर पूर्ण सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. शेजाऱ्यांकडे इन्व्हर्टर असेल तर त्यांचं नेटवर्क सारखं चालूच असतं. त्यांचा पासवर्ड तुमच्या लॅपटॉपमध्ये कधीकाळी टाकलेला असेल, तर तुमचा राउटर गायब होताच लॅपटॉप तिकडे जातो. आणि एकदा गेला की तिथेच राहतो. जोडणी टिकून असेल तर तुमचं नेटवर्क परत आल्यावर आपोआप उडी मारून परत यायचं काम लॅपटॉप सहसा करत नाही. ‘घरात राउटर जवळच आहे, दांड्या भरलेल्या आहेत, तरी हा शेजाऱ्यांच्या नेटवर्कवर कसा?’ या कोड्याचं उत्तर बहुधा हेच असतं.

हात घालण्याआधी दोन मिनिटं

यादी उघडली की काही नोंदी काढून टाकायच्या, काहींची फक्त टिक काढायची. दोन्हींत फरक आहे. नोंद काढली की पासवर्डही जातो आणि पुन्हा जोडायचं झालं तर तो नव्याने टाकावा लागतो. टिक काढली तर पासवर्ड राहतो, पण जोडणी तुम्ही हाताने टिचकी मारल्यावरच होते.

साधा नियम असा ठेवा. जिथे पुन्हा जाणार नाही आणि जी उघडी आहेत ती नेटवर्क काढून टाका. जी अधूनमधून लागतात, म्हणजे स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट, बहिणीच्या घरचं, क्लासचं, त्यांची फक्त टिक काढा. आपोआप जोडण्याची मुभा घराला आणि कामाच्या जागेला द्या, बस.

काढण्याआधी घरच्या नेटवर्कचा पासवर्ड हाताशी आहे ना, ते बघा. चुकून तीच नोंद गेली तर राउटरच्या खाली चिकटवलेलं लेबल शोधत बसावं लागतं, आणि इंटरनेट कंपनीच्या माणसाने बसवताना पासवर्ड बदलला असेल तर त्या लेबलाचाही उपयोग नाही. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत जोडलेल्या नोंदींच्या यादीत त्या नेटवर्कवर गेलं की ‘व्ह्यू वाय-फाय सिक्युरिटी की’ असा पर्याय दिसतो, तिथून पासवर्ड उतरवून घेता येतो.

विंडोज ११ आणि १०

१. विंडोजची कळ आणि ‘आय’ एकत्र दाबा. सेटिंग्ज उघडेल.

२. विंडोज ११ मध्ये डावीकडे ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, मग ‘वाय-फाय’, मग ‘मॅनेज नोन नेटवर्क्स’. विंडोज १० मध्येही रस्ता हाच, फक्त वाय-फायच्या पानावर ‘मॅनेज नोन नेटवर्क्स’ हे छोट्या दुव्यासारखं दिसतं आणि नवख्या माणसाच्या नजरेतून सुटतं.

३. आता आजवरची सगळी नेटवर्क समोर येतील. यादी लांब असेल तर वर शोधायची चौकट आहे. सध्या रेंजमध्ये नसलेलीही इथे दिसतात, त्यामुळे पुण्यात बसून नाशिकच्या लॉजचं नेटवर्क काढता येतं.

४. कायमचं काढायचं असेल तर नावासमोरचं ‘फर्गेट’ दाबा. विंडोज १० मध्ये आधी नावावर टिचकी मारावी लागते, मग ‘प्रॉपर्टीज’ आणि ‘फर्गेट’ अशी दोन बटणं उघडतात.

५. ठेवायचं पण आपोआप जोडायचं नसेल तर नाव उघडा (विंडोज १० मध्ये ‘प्रॉपर्टीज’) आणि ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली व्हेन इन रेंज’ बंद करा. ‘सेव्ह’ वगैरे काही नाही, बदल लगेच लागू होतो.

सगळी यादी एका बैठकीत नीट करायला दहा मिनिटं पुरतात. फक्त घाईत ‘फर्गेट’ दाबत सुटू नका. विंडोज ‘नक्की काढू का?’ असं विचारेलच याचा भरवसा नाही.

पुढे कुठल्याही नव्या नेटवर्कला जोडताना ‘कनेक्ट’ दाबण्याआधी ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली’ची टिक काढायची सवय लावा. ही एक सवय लागली की वरची साफसफाई परत करावी लागत नाही.

विंडोज १० वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. काही जण वैतागून वाय-फायच बंद करून ठेवतात आणि थोड्या वेळाने ते पुन्हा चालू दिसतं. त्याच पानावर वाय-फाय बंद केल्यावर खाली ‘टर्न वाय-फाय बॅक ऑन’ असा पर्याय येतो, त्यात हाताने, एका तासाने, चार तासांनी, एका दिवसाने असं निवडता येतं. तिथे ‘मॅन्युअली’ ठेवा.

शेजारचं नेटवर्क यादीत दिसूच नये असं वाटत असेल तर

घरात लहान मुलं आहेत, ती कुठल्याही नावावर टिचकी मारतात, किंवा सोसायटीतल्या चाळीस नावांच्या गर्दीत आपलं नाव सापडत नाही, अशा वेळी विंडोजमध्ये एखादं नाव पूर्ण लपवता येतं. त्यासाठी मात्र कमांड, म्हणजे टाइप करून द्यायची आज्ञा, द्यावी लागते. खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. ‘नेटएसएच’ म्हणजे एन, ई, टी, एस, एच ही सलग पाच अक्षरं, ‘डब्ल्यूलॅन’ म्हणजे डब्ल्यू, एल, ए, एन ही चार. ‘एसएसआयडी’ म्हणजे नेटवर्कचं नाव, तेही चार सलग अक्षरांत.

स्टार्टवर उजवी टिचकी मारून ‘टर्मिनल (अ‍ॅडमिन)’ उघडा; विंडोज १० मध्ये तिथे ‘पॉवरशेल (अ‍ॅडमिन)’ असेल. साध्या, विना-अ‍ॅडमिन खिडकीत पुढची नाव लपवायची (फिल्टरची) कमांड चालत नाही, परवानगी नसल्याचा संदेश येतो.

आधी नोंदींची यादी बघा:

नेटएसएच डब्ल्यूलॅन शो प्रोफाइल्स

एखाद्या नोंदीची आपोआप जोडणी इथूनच बंद करायची असेल तर:

नेटएसएच डब्ल्यूलॅन सेट प्रोफाइलपॅरामीटर नेम="नेटवर्कचं नाव" कनेक्शनमोड=मॅन्युअल

‘प्रोफाइलपॅरामीटर’ आणि ‘कनेक्शनमोड’ हे एकेक सलग शब्द आहेत, मध्ये जागा सोडायची नाही. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंनाही जागा नको. कमांड चुकते ती बहुतेकदा इथेच.

आणि नाव यादीतून लपवायचं असेल तर:

नेटएसएच डब्ल्यूलॅन अ‍ॅड फिल्टर परमिशन=ब्लॉक एसएसआयडी="नेटवर्कचं नाव" नेटवर्कटाइप=इन्फ्रास्ट्रक्चर

यानंतर ते नाव लॅपटॉपवर दिसणारच नाही. पुढे पुन्हा हवं झालं तर याच ओळीत ‘अ‍ॅड’ च्या जागी ‘डिलीट’ लिहून तीच कमांड द्यायची. कुठकुठली नावं लपवली आहेत ते ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो फिल्टर्स’ ने कळतं. ही कमांड कुठेतरी लिहून ठेवा, कारण सहा महिन्यांनी ‘अमुक नेटवर्क बाकी सगळ्यांना दिसतं, मलाच दिसत नाही’ अशी तक्रार घेऊन दुकानात जाणारे असतात.

नाव जसंच्या तसं टाकायचं. नेटवर्कच्या नावात लहान-मोठं अक्षर वेगळं धरलं जातं आणि शेवटी एखादी रिकामी जागा असली तरी नाव बदलतं. यादीत दिसतं तिथून कॉपी करून चिकटवणं सगळ्यांत सोपं. ‘परमिशन=डिनायऑल’ असाही एक प्रकार आहे, तो सगळीच नेटवर्क लपवतो आणि मग हवी तेवढी ‘अलाउ’ करावी लागतात. तो नवख्यांनी वापरू नये. आपलंच नेटवर्क आधी ‘अलाउ’ करायचं राहिलं की लॅपटॉप कोराच.

दोन नेटवर्क दोन्ही हवीत, पण एक आधी जोडलं जावं, अशी गरज असेल तर क्रम ठरवता येतो:

नेटएसएच डब्ल्यूलॅन सेट प्रोफाइलऑर्डर नेम="घरचं नाव" इंटरफेस="वाय-फाय" प्रायॉरिटी=१

इथे एक म्हणजे सगळ्यांत वरचा. आकडाही अर्थात इंग्रजी टाकायचा. इंटरफेसचं, म्हणजे लॅपटॉपमधल्या वाय-फाय जोडणीचं, नाव ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ ने बघून घ्या, प्रत्येक लॅपटॉपवर ते सारखंच असेल असं नाही. नंतर तुम्ही हाताने दुसरं नेटवर्क निवडलंत तर हा क्रम बदलू शकतो, म्हणून यावर फार विसंबू नका. टिक काढणं जास्त भरवशाचं.

मॅक

व्हेंचुरा, म्हणजे मॅकओएस १३ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत: सफरचंदाचा मेनू, ‘सिस्टम सेटिंग्ज’, डावीकडे ‘वाय-फाय’. इथे समोर दिसतात ती फक्त आसपासची नेटवर्क. जुनी सगळी बघायला पान खाली ओढून ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाबा. प्रत्येक नावाशेजारी तीन टिंबांचं बटण आहे. त्यात ‘ऑटो-जॉइन’ची टिक काढायची, किंवा ‘रिमूव्ह फ्रॉम लिस्ट’ दाबून नोंदच काढायची. शेवटी ‘डन’ दाबायला विसरू नका. त्याआधीच्या मॅकमध्ये हीच यादी ‘सिस्टम प्रेफरन्सेस’, ‘नेटवर्क’, ‘वाय-फाय’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ इथे मिळते. तिथे ‘ऑटो-जॉइन’ असा टिकांचा उभा रकाना असेल, आणि नोंद काढायला खालचं वजाचं चिन्ह.

एका सेटिंगने पुष्कळ लोक फसतात. वाय-फायच्या पानावर ‘आस्क टू जॉइन नेटवर्क्स’ असं बटण आहे. ते वाचून वाटतं की आता मॅक प्रत्येक वेळी विचारेल. तसं नाही. ओळखीची नेटवर्क तो न विचारताच जोडतो. विचारतो ते ओळखीचं एकही जवळ नसेल तेव्हा, नव्याबद्दल. म्हणजे नको असलेली आपोआप जोडणी थांबवायला त्या बटणाचा काही उपयोग नाही. शेजारीच ‘आस्क टू जॉइन हॉटस्पॉट्स’ आहे, ते मात्र बघून ठेवा. तुमच्याकडे आयफोन असेल आणि ते चालू असेल, तर वाय-फाय नसताना मॅक जवळचा फोनचा हॉटस्पॉट आपणहून शोधतो. नको असेल तर ते बंद ठेवलेलं बरं.

आयक्लाउड कीचेन, म्हणजे अ‍ॅपलची पासवर्ड जपणारी सोय, चालू असेल तर वाय-फायच्या नोंदी तुमच्या अ‍ॅपलच्या सगळ्या उपकरणांत फिरतात. आयफोनवर जोडलेलं कॅफेचं नेटवर्क मॅकवर न जोडताही यादीत दिसतं ते यामुळे. उलट बाजूही लक्षात घ्या: मॅकवरून नोंद काढली तर फोनवरूनही ती जाऊ शकते. फोनवर हवंय पण मॅकवर नको, असं असेल तर नोंद काढू नका, मॅकवर फक्त ‘ऑटो-जॉइन’ बंद करा.

उबंटू

‘सेटिंग्ज’मध्ये ‘वाय-फाय’ उघडा. ज्या नेटवर्कची नोंद आहे त्याच्या शेजारी चाकाचं चिन्ह दिसतं. त्यावर टिचकी मारली की ‘डिटेल्स’ या पहिल्याच पानावर ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली’ची चौकट आहे, आणि तिथेच ‘फर्गेट कनेक्शन’. रेंजबाहेरची जुनी नेटवर्क बघायची असतील तर वरच्या तीन टिंबांच्या मेनूत जतन केलेल्या नेटवर्कची यादी मिळते.

टर्मिनलची सवय असेल तर काम आणखी झटपट होतं. आज्ञेचं नाव एन, एम, सी, एल, आय अशी सलग पाच अक्षरं. खाली ‘एनएमसीएलआय’ लिहिलं आहे ते तेच.

एनएमसीएलआय कनेक्शन शो

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय "नेटवर्कचं नाव" कनेक्शन.ऑटोकनेक्ट नो

पहिलीने यादी, दुसरीने आपोआप जोडणी बंद. क्रम ठरवायचा असेल तर ‘कनेक्शन.ऑटोकनेक्ट-प्रायॉरिटी’ आणि पुढे आकडा. मुळात सगळ्यांचा आकडा शून्य असतो. उणे ९९९ पासून ९९९ पर्यंत देता येतो. विंडोजच्या उलट इथे मोठा आकडा म्हणजे वरचा मान. घरच्या नेटवर्कला दहा देऊन बाकीची शून्यावर ठेवली तरी पुरतं. सगळी सारख्या आकड्यावर असतील तर सगळ्यांत अलीकडे वापरलेलं आधी जोडलं जातं, आणि काल कॉलेजात जोडलेलं आज घरी वरचढ ठरतं ते म्हणूनच.

तरीही होत असेल तर

नाव ‘डायरेक्ट’ने सुरू होतं आणि पुढे प्रिंटरच्या कंपनीचं नाव दिसतं. हे इंटरनेटचं नेटवर्क नाहीच. वाय-फाय असलेले प्रिंटर स्वतःचं छोटं नेटवर्क सोडतात, बसवताना लॅपटॉप त्याला जोडावा लागतो आणि नोंद राहून जाते. मग कधी घरचं नेटवर्क क्षणभर गेलं की लॅपटॉप प्रिंटरला चिकटतो: दांड्या पूर्ण, इंटरनेट शून्य. ही नोंद बिनधास्त काढून टाका आणि प्रिंटरच्या सेटिंगमधून प्रिंटरच घरच्या राउटरला जोडा. छपाई चालू राहते.

फोनचा हॉटस्पॉट आपोआप जोडला जातो. दिवसाला दीड-दोन जीबीचा पॅक असेल तर विंडोजचं एक मोठं अपडेट तो सकाळीच गिळतं. टिक काढाच, शिवाय विंडोजमध्ये त्याच नेटवर्कच्या पानावर ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. मग बहुतेक अपडेट त्या जोडणीवर थांबून राहतात. उबंटूत त्याच ‘डिटेल्स’ पानावर डेटाची मर्यादा असल्याची चौकट आहे, मॅकमध्ये ‘लो डेटा मोड’. प्रवासातली याची उलटी तऱ्हाही ओळखून ठेवा: बरेच फोन कुणी जोडलेलं नसलं की थोड्या वेळाने हॉटस्पॉट बंद करतात. लॅपटॉप झोपला, हॉटस्पॉट बंद झाला, मग स्थानकावर लॅपटॉप उघडला की तो फलाटावरचं उघडं नेटवर्क धरतो आणि तुम्ही मात्र समजता फोनवरच आहोत.

एकाच राउटरची दोन नावं. बऱ्याच घरांत एकाच डब्यातून दोन नेटवर्क निघतात, एक साधं आणि एक मागे ‘५जी’ लावलेलं. हा ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. मोबाईलच्या ५जीशी त्याचा संबंध नाही. लॅपटॉप हळू चालणाऱ्या २.४ गिगाहर्ट्झवरच जात असेल तर त्या साध्या नावाची टिक काढा. पण भिंतीपलीकडच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झची रेंज लवकर संपते, तिथे बसत असाल तर टिक राहू द्या. रेंज वाढवणाऱ्या एक्स्टेंडरने मागे ‘ईएक्सटी’ लावलेलं तिसरं नाव तयार केलं असेल तर तोच विचार त्यालाही.

लपवलेलं नेटवर्क. काही जण राउटरचं नाव लपवतात, म्हणजे ते कुणालाच यादीत दिसत नाही, आणि लॅपटॉपला ‘नाव दिसत नसलं तरी जोड’ असं सांगतात. त्यामुळे लॅपटॉप जाईल तिथे ते नाव घेऊन हाका मारत राहतो. जवळचा कुणीही ते ऐकून त्याच नावाचं नेटवर्क उभं करू शकतो. नाव लपवण्याने सुरक्षा वाढते हा समज सोडून द्या. चांगला लांब पासवर्ड ठेवा आणि नाव दिसू द्या.

काढलेली नोंद परत येते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करत असाल तर ‘अकाउंट्स’मधल्या बॅकअप किंवा सिंकच्या पानावर पासवर्ड आणि वाय-फायची माहिती खात्याबरोबर फिरवण्याचं बटण आहे. नव्या लॅपटॉपवर जुन्याची नेटवर्क दिसतात ती तिथून येतात. ते बंद करून मग नोंद काढा. काही कंपन्यांच्या लॅपटॉपवर वाय-फाय सांभाळणारं त्यांचं स्वतःचं अ‍ॅप असतं, त्यातही वेगळी यादी असू शकते.

‘फर्गेट’ फिकं दिसतं, दाबलं जात नाही. असं दिसलं तर लॅपटॉप बहुधा ऑफिसचा असतो आणि ते नेटवर्क ऑफिसच्या आयटी विभागाने वरून बसवलेलं असतं. ते घरी बसून काढता येत नाही, आणि काढायच्या भानगडीत पडूही नये. आयटीला सांगा.

झालं की नाही ते बघायचं कसं

वाय-फाय बंद-चालू करून बघणं पुरत नाही, कारण तेव्हा घरचं नेटवर्क समोर असतंच. घरचा राउटर पाच मिनिटं बंद ठेवा. लॅपटॉपचं झाकण मिटून पुन्हा उघडा, मग एकदा रीस्टार्ट करा. नको असलेलं नेटवर्क रेंजमध्ये असूनही लॅपटॉप कोणालाच न जोडता बसला, तर काम झालं. राउटर चालू केल्यावर तो घरच्याला आपोआप जोडला गेला पाहिजे. नाही गेला तर त्याचीही टिक चुकून निघाली आहे.

त्रास रोज होत नसेल, कधीतरी रात्रीच होत असेल, तर विंडोजमध्ये अ‍ॅडमिनच्या खिडकीत ही कमांड द्या:

नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट

ती गेल्या तीन दिवसांचा अहवाल बनवते आणि तो कुठे ठेवला तो पत्ता खाली दाखवते. तो ब्राउझरमध्ये उघडतो. कुठल्या वेळी कुठल्या नेटवर्कला जोडणी झाली, ती कधी तुटली आणि का तुटली, हे त्यात तक्त्यासारखं दिसतं. रात्री सव्वानऊला घरची जोडणी तुटली आणि लगेच शेजारचं नाव आलं, असं दिसलं तर त्या वेळी लाइट गेली होती का ते आठवून बघा. गेली नसेल, तर मग राउटरचा अ‍ॅडॉप्टर किंवा त्याची पिन सैल आहे का, ते तपासा.